जिथे घोळ थांबला

"त्यो घोळ त्येंच्या अंगापातुर जाईल का न्हाई, तेवढं सांगा."

सगुणा माझ्या शेडच्या दारात उभी राहून विचारत होती. आत या म्हणून मी दोनदा सांगितलं, तरी तिनं आत पाऊल टाकलं नाही. तिच्या मागं, जरा खालच्या अंगाला, बोगद्याचं तोंड दिसत होतं. तिथं ट्रॉलीच्या रुळांवर घोंगड्या अंथरून तिचा सासरा बिरूआबा आणि धनगरवाड्यावरची माणसं बसली होती. सोमवारी सकाळी बोगद्याचं छत खाली आलं, तेव्हा सगुणाचा नवरा धाकलू झोरे आत राहिला होता. त्या दिवशी गुरुवार होता.

"घोळाचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"समदी बोलत्यात. सायेब शिमिटाचं पानी करून आत सोडनार. मग आतल्या राड्याचा दगूड हुनार. मग सुरुंग लावून त्यो दगूड फोडनार." तिचा आवाज अगदी सपाट होता. "फोडनार म्हंजी त्येंच्यासकट?"

मी टेबलावरचा कागद इकडून तिकडं केला.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे न्यायचं, म्हणून तो बोगदा चालला होता. आता तो पुरा होऊन कित्येक वर्षं झाली, आतून पाणी वाहतं. त्या वेळी मी उमेदीत होतो, तिशीसुद्धा उलटली नव्हती, आणि माझं काम होतं ग्राउटिंगचं. म्हणजे खडकात भोकं पाडायची आणि सिमेंट, पाणी आणि बेंटोनाइट नावाची बारीक माती यांचा घोळ करून पंपानं त्या भोकांतून भेगांमध्ये भरायचा. घोळ आवळला की भेगा बुजतात, पाणी अडतं, सैल दगड एकमेकांना धरून राहतात. कामगार मला खानोलकर साहेब म्हणत, आणि पाठीमागं 'घोळवाले साहेब'.

तो शब्द धाकलूचाच. पाणी उपसायच्या पंपावर तो होता. वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातला गडी, म्हशी राखायचं सोडून बोगद्यात आलेला. शिफ्ट सुटताना एकदा भेटला, तर म्हणाला, "सायेब, तुमचं बरं हाय. घोळ घालायचा पगार मिळतोय. आमच्या घरात फुकट घालत्यात." आणि स्वतःच इतका हसला की मलाही हसू आवरेना.

सोमवारी बोगदा ज्या ठिकाणी पोचला होता तिथला काळा खडक संपून भुसभुशीत पट्टा लागला होता, माती, गोटे आणि पाणी. छताला आधार म्हणून लोखंडी कमानी लावलेल्या होत्या. त्या वाकल्या आणि वरचं सगळं खाली आलं. पुढची माणसं ओरडत बाहेर पळाली. धाकलूचा पंप सगळ्यांच्या पुढं होता.

आम्ही खोदलं नाही असं नाही. त्याच दिवशी खोदायला घेतलं. पण जेवढा तो दगडमातीचा राडा बाहेर काढावा तेवढा वरून पुन्हा येई, विहिरीतून गाळ उपसावा आणि झऱ्यानं तो परत भरावा तसा. मंगळवारी दुसरी दरड आली आणि एका खोदणाऱ्याचा पाय मोडला. तेव्हा खोदकाम थांबलं. पाइपांवर दगड ठोकून पाहिले, हाका मारल्या. पण उपसा बंद केला तर पाणी चढत होतं आणि पंप चालू असताना आतून कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. बुधवारपर्यंत सगळ्यांनी धाकलूला मनातून गेलेला धरला होता. तोंडानं कुणी म्हणालं नाही, इतकंच.

प्रोजेक्ट मॅनेजर निंबकर साहेबांचा बेत सगुणानं सांगितला तोच होता. पातळ घोळ सोडायचा, राडा पार आतपर्यंत भिजवून घट्ट करायचा, आणि मग खडक समजून फोडत पुढं जायचं. बेत चुकीचा नव्हता. राड्यामागं पाणी साठत होतं आणि तो बांध फुटला असता तर बोगद्यात असलेला एकही माणूस वाचला नसता. पण हे कळल्यावर बिरूआबा खाली आले आणि रुळांवर बसले. "माज्या पोरावर शिमिट वताल तर आधी माज्यावर वता," एवढंच ते बोलले होते. निंबकर साहेबांनी मला सांगितलं, "तुम्ही बोला त्यांच्याशी, खानोलकर. तुम्हाला समजावता येतं." मी जायच्या आधी सगुणाच आली.

"सायेब, मी इचारलं त्याचं काय?"

"खरं सांगू? घोळ कसा करू त्यावर आहे ते."

"म्हंजी?"

मी उठलो. शेडच्या मागच्या बाजूला माझी एक चौकट होती. कुठला घोळ भेगेत किती जातो ते पाहायला मी ती सुताराकडून करून घेतली होती. दोन लांब काचा एकमेकींसमोर उभ्या धरलेल्या, मध्ये पातळ पट्ट्या, आणि पट्ट्या अशा बसवलेल्या की मधली फट कुठं बोटभर रुंद, कुठं जेमतेम कागद सरकेल एवढी. खऱ्या भेगा तशाच असतात. सरळ एकसारखी भेग डोंगरात कुठंच नसते.

"या इकडं," मी म्हणालो, आणि या वेळी ती आली.

मी आधी नुसतं पाणी सोडलं. रुंद असो की अरुंद, ते सरसर सगळीकडून जाऊन दुसऱ्या टोकानं टपकायला लागलं. मग काचा पुसून बादलीतला दाट घोळ छोट्या हातपंपानं सोडला.

घोळाचं चालणं पाण्यासारखं नसतं. तो आधी हलतच नाही. जोर देत राहावं लागतं, आणि एका घटकेला तो सगळाच्या सगळा निघतो. मधला लगदा एकसंध पुढं सरकतो. फट रुंद झाली की तो पसरतो, मंदावतो, आणि कोपऱ्यांतला भाग भिंतीला चिकटून जो झोपतो तो पुन्हा उठत नाही. फट आवळली की दोन्हीकडच्या काचा त्याला धरतात. जोर आहे तोवर तो त्यातूनही रेटत जातो. जोर कमी पडला की जिथं असेल तिथं उभा राहतो.

सगुणा काचेला नाक लावून पाहत होती. एका निमुळत्या जागेशी घोळ थांबला. तिनं काचेवर तिथं बोट ठेवलं.

"ह्यो का थांबला?"

"इथं फट बारीक झाली. त्याला पुढं ढकलायला आता माझा जोर पुरत नाही."

"आजून जोर लावला तर?"

"तर जाईल. म्हणून जोर बेतानं लावायचा. घोळ जितका दाट, तितका लवकर थांबतो."

"आन थांबला की?"

"थांबला की थांबला. मग तिथंच दगड होतो."

ती काचेतल्या घोळाच्या त्या राखी जिभेकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मग त्येंच्या अलीकडंच थांबवा की."

तोपर्यंत ते माझ्या डोक्यात तसं आलं नव्हतं, म्हणजे अर्धवट आलं होतं. बोगद्याच्या भोवतीनं, डोक्यावर आणि दोन्ही अंगांना, भोकं पाडून दाट घोळ भरायचा. मधला राडा सैलच ठेवायचा. भोवतीचं कडं आवळलं की ते छत्रीसारखं वरचा भार धरील, आणि तिच्या आडोशानं मधला राडा हातानं उकरून काढता येईल. टिकाव, घमेली, फळ्या. सुरुंग नाही. राड्यामागचं पाणी नळ्यांनी बाहेर काढत राहायचं. वेळ जास्त लागेल आणि घोळ मध्ये न घुसता कड्यातच राहिला पाहिजे. मी तिला हे सांगितलं. कमान कशी ते हातानं हवेत काढून दाखवलं.

"आबांला मी सांगते," ती म्हणाली. "पन तुमी मला शबूद द्या."

"प्रयत्न करतो. डोंगराच्या आतलं कुणालाच दिसत नाही, बाई. शब्द कसा देऊ?"

"शबूद न्हाई तर मी आबांला काय सांगू? सायेब परयत्न करनार, तवर तुमी उठा?"

मी शब्द दिला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर कदाचित मी टाळलं असतं.

निंबकर साहेब आधी भडकले. "खानोलकर, एक माणूस गेला. आत जाणाऱ्या उरलेल्यांचा विचार कोण करणार? छत्री गळली तर?" मी म्हणालो, "ती माणसं रुळावरून उठली नाहीत तर काहीच होणार नाही, साहेब, ना तुमचं ना माझं." ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. बाहेर सगुणा सासऱ्यापुढं उकिडवी बसून बोलत होती. आबा मान हलवत होते, नाही नाही म्हणत होते. मग ती जरा मोठ्यानं बोलली, तेवढं आम्हाला ऐकू आलं.

"मातीत ठिवायचं का घरला आनायचं, तेवढं बोला, आबा."

आबांनी घोंगडी उचलली, झटकली आणि रुळावरून बाजूला झाले.

त्यानंतरच्या दिवसांत मला आत आणि बाहेर यांत फरक उरला नाही. माझा फोरमन होता मिरजेचा इस्माईल मुजावर, पंपाचा आवाज ऐकून भेग कशी आहे ते सांगणारा जाणता माणूस. आम्ही दोघांनी भोकांच्या जागा ठरवल्या, ड्रिल लावलं, नळ्या बसवल्या. एकेक भोक घ्यायचं, घोळ सोडायचा, काटा पाहायचा. काटा म्हणजे दाबाचा. घोळ भेगेत शिरत असला की काटा हळूहळू चढतो, कारण जितका पुढं जावा तितक्या भिंती त्याला जास्त धरतात. मी ठरवलेल्या दाबाला तो आला की पंप बंद. भोक भरलं.

डोक्यावरची भोकं मनासारखी भरली. डाव्या अंगाचीही. सगुणा रोज सकाळी पठारावरून उतरून येई आणि शेडच्या बाहेर दगडावर बसून राही. मी बोगद्यातून बाहेर आलो की काही विचारत नसे, नुसती माझ्या तोंडाकडं बघे. सगळं ठीक म्हणून मी मान हलवली की ती खाली मान घाली.

उजव्या अंगाला, खालून दुसऱ्या भोकात, काटा हलेना.

"साहेब, खातंय हो हे भोक," इस्माईल म्हणाला.

"किती गेला?"

"शेजारच्या दोन्ही भोकांत मिळून गेला नाही एवढा. आणि काटा बघा, मेल्यासारखा पडलाय."

मी नळीवर हात ठेवला. आतून घोळ जात होता, अगदी सहज, काही अडखळ नसल्यासारखा. म्हणजे पलीकडं बारीक भेगा नव्हत्या. पलीकडं मोठी मोकळी जागा होती आणि ती बाहेरच्या अंगाला होती की आत, मधल्या राड्याकडं, हे कळायला काही मार्ग नव्हता.

"बंद करू?" इस्माईलनं विचारलं.

बंद केलं असतं तर कड्यात त्या जागी भगदाड राहिलं असतं. खोदणारी माणसं बरोबर त्याच्याखाली उभी राहणार होती. चालू ठेवलं तर घोळ कुठं चालला होता देव जाणे. मला काचेवरचं ते बोट दिसत होतं. शब्द दिल्यावर माणसाचं गणित जरा बिघडतंच. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"दाट कर," मी म्हणालो. "बेंटोनाइट वाढव."

"नळीतच अडेल, साहेब."

"अडू दे. पण एकदम नको, बेताबेतानं."

इस्माईलनं पोत्यातून माती ओतली. मिक्सरचा आवाज जड झाला. पंप धापा टाकायला लागला. काटा तसाच. आणखी माती. पंप थरथरायला लागला तसा इस्माईल त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला, बिथरलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मी काट्यावरून नजर काढली नाही. मग तो किंचित उचलला, पडला, पुन्हा उचलला, आणि चढायला लागला.

"धरलं," इस्माईल पुटपुटला. "कुठंतरी धरलं त्याला."

मी पंप बंद केला. ठरलेला दाब आला नव्हता, पण मला आणखी ढकलायचा धीर नव्हता. बाहेर आलो तेव्हा सगुणानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती हलवताना पहिल्यांदाच मला खात्री नव्हती.

घोळ आवळेपर्यंत थांबलो आणि मग हातानं खोदायला घेतलं. निंबकर साहेब स्वतः आत येऊन उभे राहिले, हे त्यांच्या बाबतीत सांगायला हवं. छत्रीनं भार धरला. वरून नुसतं पाणी ठिबकत होतं, माती नाही. माणसं दोन-दोननं पुढं जात, राडा उकरत, घमेली मागं देत, फळ्या ठोकत. जसजसे आत गेलो तसा वास येऊ लागला आणि सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले.

उजव्या अंगाला एक वाकलेली कमान लागली. ती पडताना पुढच्या मोठ्या धोंड्यावर टेकली होती. तिच्या मागं मी बॅटरी धरली आणि मला आधी दिसला तो घोळ. त्या हलकट भोकातला, वाट फुटेल तसा आलेला. राड्यातल्या मोकळ्या पोकळीतून तो चांगला रुंद होऊन आत शिरला होता, थेट मधल्या राड्यात, जिथं त्यानं यायला नको होतं तिथंच. आणि धोंडा आणि कमान यांच्यामधल्या फटीत, जिथं ती निमुळती झाली होती, तिथं थांबला होता. समोरून गोल, गुळगुळीत, जिभेच्या टोकासारखा. काचेत थांबे तसाच हुबेहूब. मला सांगायला लाज वाटत नाही, मला त्या क्षणी आनंद झाला. थांबला, असं मी मोठ्यानं म्हणालो.

"साहेब," इस्माईल म्हणाला. त्याची बॅटरी माझ्या पुढं होती.

फटीच्या पलीकडं कमानीच्या आडोशाला माणूस आडवा होईल एवढी जागा राहिली होती. तिथं राडा शिरला नव्हता. धाकलू तिथं उताणा होता, हात छातीवर, हेल्मेट उशीसारखं डोक्याखाली घेतलेलं. घोळाची जीभ त्याच्या खांद्यापासून हातभर अलीकडं होती. त्याच्या पायांत बूट नव्हते. गमबूट खडकाला टेकवून शेजारी शेजारी ठेवलेले होते, टाचा जुळवून.

मागून निंबकर साहेबांनी विचारलं, "दिसतोय का?" इस्माईल म्हणाला, "दिसतोय, साहेब. जरा दमानं घ्या." मग मला हळूच म्हणाला, "घालू का पायात?" आणि त्यानं एक बूट उचलून प्रयत्नही केला. पाय सुजले होते. बूट चढेना. त्यानं तो होता तिथंच परत ठेवला, तसाच, दुसऱ्याला जुळवून.

बाहेर उजेड होता. जानेवारीतलं स्वच्छ ऊन. पंचनाम्यासाठी पोलीस आले होते, तालुक्याचे डॉक्टर आले होते. त्यांनी शेडच्या मागं पडदा लावून तपासलं आणि हात धुताना मला बाजूला घेतलं.

"पोटात मार आहे, आतल्या आत रक्त गेलंय. लगेच नाही गेला. संध्याकाळपर्यंत असेल. सोमवारच्याच." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या सिमेंटच्या कितीतरी आधी."

त्यांना माझं समाधान करायचं होतं. सोमवारच्या संध्याकाळी आम्ही राड्याच्या अलीकडं खोदत होतो, पंप गर्जत होते.

बिरूआबा पडद्याजवळ आले. त्यांनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, मग पायांवरून. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "सायेब, लई तळमळलं का वं पोरगं?"

"नाही, आबा," मी म्हणालो. "छत आलं तेव्हाच गेला. त्याला कळलंसुद्धा नसेल."

"पायात बूट न्हाईत त्येच्या."

"चिखलानं ओढले."

"हां," आबा म्हणाले. "चिखूल वढतोय खरा." आणि ते मान हलवत राहिले, जसं काही मी फार मोठी गोष्ट सांगितली होती. सगुणा त्यांच्या मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी शेडमध्ये जाऊन बसलो. ग्लासभर पाणी प्यालो. थोड्या वेळानं हवालदाराचा आवाज आला, "बाई, इथं अंगठा करा, हे त्यांचं सामान." आणि मला एकदम आठवलं. बॅटरी, तंबाखूची पिशवी आणि बूट, सगळं इस्माईलनं एका पोत्यात घालून पंचनाम्याला दिलं होतं. द्यावंच लागलं होतं. मी धावत बाहेर आलो तोवर पोतं तिच्या हातात गेलं होतं.

ती शेडच्या मागं, बोगद्यातलं पाणी बाहेर जायच्या चराच्या कडेला बसली होती. पोतं समोर मोकळं केलेलं. बॅटरी एका बाजूला. बूट तिच्या मांडीवर. तिनं एका बुटात हात घातला आणि आतून मोजा काढला, गुंडाळी करून आत कोंबलेला. मग दुसऱ्यातून दुसरा. बूट आतून कोरडे होते.

मी तिच्याजवळ गेलो आणि उभा राहिलो.

"चिखलानं वढलं म्हनालासा," ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवरच्या बुटांकडं पाहिलं.

"पायरीवर बसून आसंच काढायचं. मोजं आत कोंबायचं, बूट भितीला लावून ठिवायचं. मी म्हनायची, उंदीर नेत्यात व्हय मोजं, एवढं कोंबताय? तर म्हनायचं, सकाळी हुडकाय लागू ने." ती मोज्याची गुंडाळी उलगडत नव्हती, नुसती हातात धरून होती. "निजायच्या आधी काढायचं. अंथरुनावर पाय ठिवायच्या आधी."

चरातून पाणी वाहत होतं. खाली माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी बांबू बांधत होतं.

"घोळ लागला न्हाई त्येंला?"

"नाही. हातभर अलीकडं थांबला."

"तुमचा शबूद ऱ्हायला," ती म्हणाली. तिनं ते खरंच मनापासून म्हटलं होतं आणि मला ते झेपलं नाही. मी तिच्या शेजारी खाली बसलो.

"किती येळ हुतं?"

आबांना सांगितलं ते मला तिला सांगता येईना. "त्या दिवशी संध्याकाळपर्यंत. डॉक्टर म्हणाले."

तिनं मान हलवली. मनाशी मोजणी करत असावी. सकाळपासून संध्याकाळ. त्या वेळात ती काय करत होती, म्हशी कधी सोडल्या, भाकरी कधी थापल्या, कुणी कधी येऊन सांगितलं, ते सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असेल.

"आबांला ह्ये नगं," ती म्हणाली.

"नाही सांगितलेलं."

"मला बी न्हाई सांगितलंसा. आसं समजा."

"बरं," मी म्हणालो.

तिनं दोन्ही मोजे ओच्यात खोचले. मग पुढं वाकून चरातला चिखल ओंजळीत घेतला आणि एका बुटात घातला. पुन्हा घेतला. मला आधी कळेना ती काय करतेय. कळलं तेव्हा मी हात पुढं केला, पण तिनं कोपरानं मला बाजूला सारलं. तिनं दोन्ही बूट काठोकाठ भरले, हात आत घालून टाचेपर्यंत दाबले, आणि वरूनही चिखल फासला. मग जड झालेले ते बूट छातीशी धरून उठली. लुगडं बरबटलं त्याची तिला शुद्ध नव्हती. ती सावकाश खाली गेली, जिथं आबा तिरडीशेजारी बसले होते, आणि बूट त्यांच्यापुढं ठेवले.

"सापडलं, आबा," ती म्हणाली. "मागं राड्यात रुतलं हुतं."

आबांनी बुटात हात घातला. मनगटापर्यंत चिखलानं भरलेला हात बाहेर काढून त्यांनी पाहिला, वळून पाहिला, आणि मग तोच हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. तेव्हा सगुणा पहिल्यांदा रडली.